घरातून घरात

नगरपरिषदेने व्यावसायिक ठरवलेला ठोंबऱ्यांच्या घराचा कोपरा नियमानुसार गुरुवारी सकाळी अकरा वाजता गवळी आळी सोडून बाजारपेठेत गेला.

कोपरा तसा लहानच होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद. जाताना त्याने आपल्या वाट्याच्या दोन भिंती, खिडकी, खिडकीखालचे टेबल, टेबलावरचा संगणक आणि एक वेताची खुर्ची बरोबर नेली. खुर्चीत हेमांगीचे वडील दिगंबर ठोंबरे, म्हणजे अण्णा, पेपर वाचत बसले होते. वय एक्क्याऐंशी. तेही गेले.

हेमांगी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. दोन कप घेऊन बाहेर येते, तर बैठकीच्या खोलीला कोपरा नाही. तिथून आता शेजाऱ्यांचा शेवगा दिसत होता आणि त्याच्या बुंध्याला बांधलेली शेळी मान लांब करून आत बघत होती. हेमांगीने शेळीला हाकलले, कपांवर बश्या झाकल्या, पायात चपला सरकवल्या आणि बाजारपेठेची वाट धरली.

हे अगदीच अचानक झाले असे म्हणता येणार नाही. महिन्याभरापूर्वी कर निरीक्षक झेंडे मोजपट्टी घेऊन घरी आले होते. सोनकुंडमध्ये त्या वर्षी घरपट्टीची नव्याने आकारणी चालू होती आणि झेंडे प्रत्येक घरात जाऊन, पाणी पिऊन, खोल्या मोजत होते. हेमांगी त्या वेळी काम करत होती. तिचे काम दात घडवण्याचे. पुण्याची एक लॅब तिला लोकांच्या जबड्यांची मापे पाठवी. ती संगणकावर त्या त्या जबड्यात बसेल अशी दाढ, सुळा, काय लागेल ते तयार करी आणि परत पाठवी. नऊ वर्षे ती हेच करत होती. लग्न तिने केले नव्हते आणि तो विषय घरात केव्हाच संपला होता.

"काय चाललंय, ताई?" झेंड्यांनी विचारले होते.

"दाढ."

"कुणाची?"

"बार्शीचे एक गृहस्थ आहेत. खालची, डावीकडची."

झेंड्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले आणि दाढ चांगली उतरली आहे असे मनापासून सांगितले. मग म्हणाले, "आणि हे काम करता कुठून?"

"घरून."

"घरून म्हणजे घरात," असे म्हणत ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी टेबलाभोवतीची जमीन मोजली. आठ दिवसांनी कागद आला. सदर मालमत्तेतील चोवीस चौरस फूट क्षेत्र बिगरनिवासी.

वाढीव कर फार नव्हता. हेमांगीने तो भरूनही टाकला असता. पण ती त्या शब्दापाशी अडली. कागद घेऊन ती नगरपरिषदेत गेली आणि झेंड्यांपुढे धरला. "बिगरनिवासी म्हणजे आम्ही इथं राहत नाही?"

"इतर ठिकाणी राहता. त्या चोवीस फुटांत नाही राहत."

तिने मुदतीत हरकत दाखल केली. हरकतीवर शिक्का बसला, मंगळवारची सुनावणी लागली. मात्र व्यावसायिक जागा व्यावसायिक पट्ट्यातच असली पाहिजे, असाही नियम होता, आणि त्याची तारीख सुनावणीच्या आधीच्या गुरुवारची होती. आधी स्थलांतर, मग सुनावणी, असा तो क्रम. क्रमाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बाजारपेठेत बशीरभाईंचे दोरखंड आणि केरसुण्यांचे दुकान आहे. त्याच्या आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या मधोमध कोपरा जाऊन बसला होता. मोजून मापून मावला होता. दोन बाजूंना भिंती, दोन बाजू रस्त्याकडे उघड्या. बशीरभाईंनी अण्णांना तांब्याभर पाणी आणून दिले होते आणि ते स्वतः दोरखंडाच्या एका वेटोळ्यावर बसून त्यांच्याकडून पेपर ऐकत होते.

"अण्णा, लागलं-बिगलं नाही ना?" हेमांगीने धापा टाकत विचारले.

"धक्कासुद्धा बसला नाही," अण्णा म्हणाले. "एसटीपेक्षा बरं. चहा कुठाय?"

"चहा घरी आहे. चला."

"मी घरीच आहे. इथं आण."

अण्णांनी सदतीस वर्षे कोर्टात बेलिफाची नोकरी केली होती. समन्स बजावणे, जप्ती करणे, जागेचा ताबा घेऊन देणे, हे त्यांचे काम. ते असे बोलू लागले की त्यांना हलवणे कठीण, हे हेमांगीला ठाऊक होते. तिने पुन्हा काही म्हणायच्या आत झेंडे आले. त्यांच्या हातात पंचनाम्याचा कागद होता. कोपऱ्यापुढे उभे राहून त्यांनी तो भरला आणि सवयीने मोठ्याने वाचून दाखवला. "टेबल एक. संगणक एक. वेताची खुर्ची एक. वृद्ध एक."

"वृद्धाचं नाव घाला," अण्णा म्हणाले.

"सामानाला नाव घालत नाहीत, अण्णा."

"सामान?" हेमांगीने विचारले.

झेंडे स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी पुस्तिका उघडून नियम तिला नीट समजावून सांगितला. सुनावणीच्या वेळी व्यावसायिक जागेत जे काही असेल, ते जागेचा भाग मानले जाते. जागा भाड्याने गेली तर ते भाड्याने जाते. जागा बंद असेल त्या दिवशी ते बंद असते.

"बाजार बुधवारी बंद असतो," बशीरभाई हळूच म्हणाले.

"होय. म्हणजे निकाल विरुद्ध गेला तर दर बुधवारी अण्णा बंद राहतील." झेंड्यांनी बोटांवर मोजून पाहिले. "मंगळवारी सुनावणी, म्हणजे येत्या बुधवारपासून. नियम मी केलेला नाही, ताई."

ते गेल्यावर हेमांगी टेबलाच्या कडेवर टेकली. "अण्णा, उठा," ती म्हणाली. "नको ती हरकत आणि नको तो कोपरा. म्हणू देत बिगरनिवासी. मी पैसे भरते, नवी भिंत घालून घेते. तुम्ही फक्त उठा."

अण्णांनी पेपराची घडी केली.

"एक बाई होती," ते म्हणाले. "बेलदार वस्तीत. ताबा घ्यायला गेलो तर दारात पाय रोवून उभी. दोन तास. पोरं आत रडायला लागली, तशी शेजारच्या नळावरून पाणी आणायला म्हणून पोरांना घेऊन गेली. कळशी घेऊन. तेवढ्यात मी कुलूप घातलं. जागा रिकामी होती, मी काही चुकीचं केलं नाही. कोर्टानं साहेबांकरवी शाबासकी दिली." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "परत आली तेव्हा भांडलीसुद्धा नाही. कळशी खाली ठेवली आणि कुलपाकडे बघत राहिली. मी आयुष्यभर एवढंच बघितलंय, हेमे. जो उठला, तो गेला. मी उठणार नाही."

हेमांगीने ही गोष्ट पूर्वी कधी ऐकली नव्हती. तिने चहा आणला. मग पोळी-भाजी आणली. बशीरभाईंनी एक पोते अंथरले, त्यावर बसून ती जेवली. जाणारे-येणारे विचारत होते, "इथं काय मिळतं?" अण्णा सांगत होते, "काही मिळत नाही, हे घर आहे. चपला बाहेर काढा." लोक चपला बाहेर काढत, आत येऊन भिंतीला हात लावून पाहत आणि पाणी पिऊन जात.

तीन वाजले तशी अण्णांची चुळबूळ सुरू झाली. सव्वातीनला त्यांनी पायावर पाय टाकला. साडेतीनला ते बोलेनासे झाले.

हेमांगीला उमगले. न्हाणीघर गवळी आळीत होते, पेठ रस्त्याच्या पार त्या टोकाला.

"अण्णा, गिरणीच्या मागं सोय आहे," बशीरभाई म्हणाले.

"ती घराबाहेर आहे," अण्णा दात आवळून म्हणाले.

हेमांगी वडिलांकडे बघत राहिली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग तिने तो कागद पुन्हा उलगडला, ज्यावर कोपऱ्याचा बिगरनिवासी असा उल्लेख होता. वरच्या ओळीत छापले होते : घर क्रमांक एकशे सतरा. झेंड्यांनी मागे ठेवलेली पंचनाम्याची प्रत पाहिली. तिथेही घर क्रमांक एकशे सतराच होता.

"उठा," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "तुम्ही घराबाहेर चाललेला नाही. बैठकीच्या खोलीतून न्हाणीघरात चाललाय. घर एकच आहे. कागदावर तसं लिहिलंय."

अण्णांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि क्रमांक दोनदा पडताळून पाहिला. मग ते उठले.

घरात असल्यामुळे त्यांच्या अंगात गंजीफ्रॉक आणि लुंगी होती. पायात काही नव्हते. बशीरभाईंनी दिलेला पंचा त्यांनी खांद्यावर टाकला आणि ते पेठ रस्त्याच्या मधून चालू लागले. रस्त्याला ऐन वर्दळ होती. भांड्यांच्या दुकानातून कुणी हाक मारली, "काय अण्णा, कुठं निघालात?"

"न्हाणीघरात," अण्णा म्हणाले.

मागून एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. अण्णा वळले. "घरात भोंगा वाजवतोस?" ते शांतपणे म्हणाले. रिक्षावाल्याने दोन क्षण विचार केला, इंजिन बंद केले आणि रिक्षा ढकलत बाजूला घेतली.

त्या दिवशी अण्णा तीन वेळा न्हाणीघरात जाऊन आले. शुक्रवारपासून हेमांगीनेही संकोच सोडला. गवळी आळीच्या टोकाला आमटीला फोडणी द्यायची, वाटीत घोटभर घेऊन पेठ रस्त्याने कोपऱ्यापर्यंत यायचे, "अण्णा, मीठ बघा" म्हणायचे, आणि परत जाऊन चिमूटभर मीठ घालायचे. केस विंचरायला ती आरशापुढे सुरुवात करी आणि वेणीचा शेवटचा पेड भांड्यांच्या दुकानापाशी घाली. रात्रीचे अंथरूण काखेत मारून ती नगरपरिषदेच्या इमारतीपुढून गेली, तेव्हा खिडकीतून झेंडे बघत होते. त्यांनी नोंद केली.

कामही तिने थांबवले नाही. कोपऱ्यात बसून भर बाजारात ती सुळे आणि दाढा घडवत होती. मागे उभे राहून लोक बघत आणि आपापल्या दातांवरून जीभ फिरवत.

शनिवारी बांगडीवाल्या काकूंनी रस्त्याच्या कडेला थांबून विचारले, "अगं, मी इकडून जाऊ का? म्हणजे तुमच्यातून?"

"जा की," हेमांगी म्हणाली. "घर आपलंच आहे."

काकूंनी चपला हातात घेतल्या. रविवारपर्यंत बरेच जण घेऊ लागले.

मंगळवारी सुनावणी झाली. घर अण्णांच्या नावावर असल्यामुळे त्यांना हजर राहणे भाग होते. ते हेमांगीबरोबर नगरपरिषदेच्या दारापर्यंत आले. शिपायाने त्यांचा गंजीफ्रॉक बघून हात आडवा केला. "असं आत येता यायचं नाही."

"आत कोण येतंय?" अण्णा म्हणाले. "मी घरात आहे. तुमचं दार आमच्या घरात उघडतं, म्हणून उभा आहे."

त्यामुळे सुनावणी दारातच घ्यावी लागली. मुख्याधिकारी आरगडे मॅडम उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या, ठोंबरे बापलेक बाहेर उभे राहिले आणि झेंडे नोंदवही धरून उंबऱ्यावर. रस्त्यावर बरीच माणसे जमली होती. अनवाणी असल्यामुळे कुणाचा आवाज येत नव्हता.

आरगडे मॅडम कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी सगळी कागदपत्रे वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे बघा, आकारणी मला मागं घेता येणार नाही. तुमची मागं घेतली तर उद्या शिकवणीवाले येतील, शिवणवाले येतील. पण एक करता येईल. यापुढे घरून काम करणार नाही, एवढं लिहून द्या. कोपरा संध्याकाळच्या आत जागेवर."

झेंड्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केले.

हेमांगीने अण्णांकडे पाहिले. पाच दिवस त्या रस्त्याने ये-जा करून त्यांचे तळवे काळे पडले होते, घोटे सुजले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. जे काय करायचे ते तिने करावे म्हणून त्यांनी मुद्दाम नजर दुसरीकडे ठेवली होती. निकाल विरुद्ध गेला तर उद्या बुधवार होता. एक सही केली असती तर अण्णा दुपारी स्वतःच्या पलंगावर आडवे झाले असते.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी आई त्याच कोपऱ्यात तीस वर्षं पापड लाटायची. अर्ध्या गावाला विकायची. तेव्हा कुणी मोजायला आलं नाही. कुणी म्हणालं नाही की इथं धंदा चालतो. बाई घरात काहीतरी करत असते, एवढंच म्हणायचे. आता मोजलंत, बरं केलंत. मोजलंत तर पुरतं मोजा. मी तिथं काम करते. आणि मी तिथं राहते."

"दोन्हीपैकी एक लिहायचं असतं."

"मग रकाना मोठा करा."

गर्दीत कुणीतरी खाकरले. मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "आकारणी कायम," त्या म्हणाल्या.

"ठीक," हेमांगी म्हणाली. "मग एक विचारते. कोपऱ्याचा घर क्रमांक काय?"

झेंड्यांनी पान उलटले. "एकशे सतरा."

"आणि गवळी आळीतल्या घराचा?"

"एकशे सतरा. विभाजन झालेलं नाही."

"म्हणजे घर एकच. आता एका घराच्या दोन खोल्यांच्या मधे जी जाण्यायेण्याची जागा असते, तिला नगरपरिषद काय म्हणते?"

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे झेंड्यांच्या स्वभावातच नव्हते. "पॅसेज," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले. मग पुस्तिका मागवून घेतली आणि पाऊण तास वाचली. लोक उभे होते. अण्णा मात्र भिंतीला टेकून खाली बसले. आपल्या घरात कुणाला विचारून बसायचे असते असे नाही. शेवटी मॅडमनी पुस्तिका मिटली आणि झेंड्यांना लिहायला सांगितले.

घर क्रमांक एकशे सतरा. कोपरा, व्यावसायिक, बाजारपेठ. उर्वरित घर, निवासी, गवळी आळी. दोहोंमधील पॅसेज, लांबी सहाशे चाळीस मीटर, रुंदी नऊ मीटर, निवासी, आकारणीस अपात्र.

सुनावणीच्या वेळी अण्णा कोपऱ्यात नव्हते. ते पॅसेजमध्ये होते. निवासी पॅसेजमध्ये घरातला वृद्ध असणे नियमाला धरूनच होते, त्यामुळे त्यांच्याबाबत काही करावे लागले नाही. बुधवारी बाजार बंद राहिला आणि अण्णा दिवसभर उघडे होते.

पुढच्या आठवड्यात झेंडे पॅसेजची पाहणी करायला निघाले. दोन्ही बाजूंच्या त्रेचाळीस दुकानांची दारे ठोंबऱ्यांच्या पॅसेजमध्ये उघडत होती. म्हणजे ही सगळी माणसे घरून काम करत होती. झेंड्यांनी त्रेचाळीस कागद काढले. गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती सर्व दुकाने नियमानुसार बाजारपेठेत जायची होती. पण ती आधीपासून बाजारपेठेतच असल्यामुळे जागची हलली नाहीत. बशीरभाईंनी तेवढ्यापुरते सगळे दोरखंड बांधून ठेवले होते, ते त्यांनी सव्वाअकराला परत सोडले.

ट्रक बाहेरच्या रस्त्याने जाऊ लागले. दुचाकीवाले उतरून गाडी हाताने नेऊ लागले, आणि तीही चाके पुसून. हेमांगीने दोन्ही टोकांना पायपुसणी टाकली. भांड्यांच्या दुकानासमोर तिने रस्त्यावरून आडवी दोरी बांधली, बशीरभाईंकडची, आणि तिच्यावर साड्या वाळत घातल्या. एका ठिकाणी तिने अण्णांसाठी पलंग टाकला, म्हणजे कोपऱ्यातून घरी जाताना त्यांना वाटेत पडता यावे. ते दुपारी तिथे झोपत. तेव्हा आख्खी पेठ हळू आवाजात भाव करी.

आरगडे मॅडमचे निवासस्थान गवळी आळीच्या पलीकडे आहे. ऑफिसला यायचे तर त्यांना दुसरी वाट नाही. एका सकाळी दहाला दहा मिनिटे असताना त्या पॅसेजच्या तोंडाशी आल्या, सँडल काढून हातात घेतल्या आणि थांबल्या. त्यांच्या मागे झेंडे येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे दोन शिक्षक, दूधवाला आणि शाळेची मुले.

हेमांगी पदर खोचून पाठमोरी वाकली होती. तिच्या हातात ओले फडके होते.

"येऊ का?" मॅडमनी विचारले.

"आत्ताच पुसलंय," हेमांगी वळून न बघता म्हणाली. "वाळू दे."

मॅडमनी घड्याळात पाहिले. मग सँडल दुसऱ्या हातात घेतल्या आणि त्या उभ्या राहिल्या. मागचे सगळेही उभे राहिले.